दोन बोअरचा उन्हाळा

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर परवा बोअरची गाडी आली. सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दुपारी जाऊन बघते तर त्यांच्यावर दगडाची पांढुरकी भुकटी बसलेली. सून म्हणाली, "आता या टाकूनच द्याव्या लागणार." मी कठड्याला टेकून त्या यंत्राचा आवाज ऐकत उभी राहिले. डिझेलचा धूर आणि खालून वर येणाऱ्या तापल्या दगडाचा वास एकत्र झाला की जो वास होतो, तो मला बाकी कुठल्याही वासापेक्षा लवकर ओळखू येतो. त्या वासात माझी नोकरी आहे, माझी पंचविशी आहे आणि माझी आत्या आहे.

सोलापूरचा उन्हाळा फाल्गुनातच दारात येऊन बसतो. कडुलिंबाचा मोहर अंगणात पडायला लागतो, माठ बाहेर निघतात, दुपारी रस्ते ओस पडतात आणि सगळं शहर दारं ओढून घेऊन आत पडून राहतं. पूर्व भागातल्या मागांची खडखड तेवढी थांबत नाही. मला हा उन्हाळा कधी नकोसा झाला नाही. पण दर वर्षी तो आला की त्यातला एकच उन्हाळा आठवतो. सत्तरच्या दशकातला, मोठ्या दुष्काळानंतरचा. तेव्हा पाऊस परत आला होता, पण जमिनीच्या पोटात अजून पोचला नव्हता. बऱ्याच विहिरी दिवाळीलाच खडखडीत व्हायच्या आणि पुढचे महिने गावं नुसती वाट बघत बसायची.

मी दुधनीची. अप्पांची तिथे अडत होती. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. अप्पा गिऱ्हाइकाशी ज्या भाषेत बोलत, त्या भाषेत त्या दिवशी घर बोलायचं. बी. ए. झाल्यावर मला पुण्याला जाऊन लोकप्रशासन शिकायचं होतं. अप्पांनी नाही म्हणून सांगितलं. तसलं शिकून काय करतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येत नव्हतं. तेव्हा आत्या आली.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, त्यांची अक्कावा. मंद्रूपच्या पुढे कच्च्या रस्त्यानं गेलं की तिचं गाव. तिचे यजमान, आमचे मामा, लवकर गेले, मूल नव्हतं. शेत ती एकटी बघायची. ती एसटीनं दुधनीला आली, सोप्यात बसली आणि पाणी प्यायच्या आधीच अप्पांना म्हणाली, "जाऊ दे तिला. मला तिसरीतनं काढलासा. काय झालं माजं? शेण काढते आन् जोंधळं राखते. बघितलासा न्हवं?"

अप्पा तिच्यापुढे कधी बोलत नसत. मी पुण्याला गेले.

दोन वर्षांनी परत आले तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत एक नवा विभाग निघत होता. खडक फोडणारी यंत्रं आली होती. जे काम विहीर खणणाऱ्यांना दोन दोन हंगाम पुरायचं, ते यंत्र एका दिवसात करायचं. भोक पाडायचं, पाणी लागलं तर वर हापसा बसवायचा. हापसेही आमच्याच शहरातल्या कारखान्यात घडवलेले, जुन्या बिडाच्या हापशांपेक्षा दणकट. इंजिनियर होते, भूगर्भ बघणारे साहेब होते, मिस्त्री होते. पण गाडी एक आणि मागणी करणारी गावं ढीगभर. आधी कुठे जायचं, किती दिवस थांबायचं, कुणाला काय सांगायचं, हे बघायला कुणीतरी हवं होतं. त्या जागेवर मला तात्पुरतं घेतलं. मी कॉलेजात शिकवायची नोकरी धरावी, असं अप्पांचं म्हणणं होतं.

आमचे इनामदार साहेब उपअभियंता होते. मोठ्या अंगाचे, सावकाश बोलणारे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दगड आम्ही फोडतो. माणसं तुम्ही सांभाळा."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. माणसं सांभाळणं म्हणजे काय असतं, याची कल्पना नसल्यामुळेच बरं वाटलं असणार.

मी उत्साहानं कामाला लागले. ज्या वस्तीला स्वतःचं पाणी अजिबात नाही, तिथे गाडी लवकर जाईल आणि जाता जाता वाटेवरची गावं घेईल, असा क्रम लावला. आणि एक नियम सुचवला. एका गावात दोनच बोअर. दोन्ही कोरडी गेली तर गाडी पुढच्या गावाला जाईल. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण हे गावात उभं राहून सांगणार कोण?"

"मी सांगेन की," मी म्हणाले.

आणि मी सांगत गेले. वळसंगच्या बाजूला एका वाडीत सांगितलं, अक्कलकोटच्या वाटेवर सांगितलं. मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं. "नीर बरलिल्ल," पाणी आलं नाही. हे दोन शब्द म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं की जमिनीकडे, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. लोक शिव्या देत नसत. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ते नुसते त्या भोकाभोवती उभे राहायचे, एखादा वाकून आत बघायचा, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "च्या तरी घेऊन जावा." तो चहा नकोसा वाटायचा. आणि नाही म्हणायची सोय नसायची, कारण तो त्यांनी उरल्यासुरल्या पाण्यातून केलेला असायचा.

चैत्रात आत्याच्या गावाची पाळी आली.

मी तो क्रम लावताना तिचं गाव मुद्दाम वर घेतलं नव्हतं की खाली ढकललं नव्हतं. ते होतं तिथे होतं. त्याच्या लगेच पुढे लमाणांचा एक तांडा होता, गावापासून माळावरून चालत गेलं की येणारा. तांड्याला विहीर नव्हतीच. तांड्यावरच्या बाया गावच्या विहिरीवर यायच्या आणि गावाचं भरून झालं की मग भरायच्या. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. विहीर गावाची, आपण त्यांना पाणी देतो, हेच पुष्कळ, असं सगळे मनापासून धरून चालले होते.

गाडी गावात शिरली तेव्हा सण असल्यासारखं होतं. शाळा सोडून दिली होती. आत्या इरकली लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून वेशीत उभी. मला बघून म्हणाली, "लई वाळलीस की गं," आणि गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ही आमची नीला. हिचीच गाडी हाय ही."

तिनं अप्पांनाही निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. ते धोतर-टोपीत, हातात पिशवी घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. मी नोकरीत काय करते, हे ते पहिल्यांदाच बघणार होते. पंचवीस माणसांना पुरतील एवढ्या होळग्या आत्यानं पहाटेच करून ठेवल्या होत्या. पुरणपोळीला आमच्याकडे होळगीच म्हणतात. पाणी लागलं की सगळ्यांनी जेवायचं, असं ठरलं होतं.

पहिलं भोक शाळेजवळ, भूगर्भवाल्या साहेबांनी दाखवलेल्या जागी पाडलं. आधी मुरूम निघाला, मग काळा दगड. भुकटी उडत राहिली. लोकांच्या भुवया, मिशा, टोप्या सगळं राखाडी झालं. भुकटीचा रंग बदलला की लोक पुढे सरकायचे, पुन्हा मागे व्हायचे. दुपारपर्यंत नुसती धूळ. दुसरं भोक गावच्या पाणाड्यानं दाखवलेल्या जागी, देवळामागे. तिथे एकदा ओलसर चिखलाचा गोळा वर आला. बायकांनी हात जोडले. आत्यानं माझा दंड घट्ट धरला. त्यानंतर पुन्हा कोरडी भुकटी, आणि शेवटच्या नळीपर्यंत तीच.

यंत्र बंद झालं तेव्हा जी शांतता झाली ती मला अजून ऐकू येते.

मी सरपंचांना बाजूला घेतलं. ते वयानं अप्पांएवढे, सौम्य गृहस्थ. "सरपंच, दोन्ही कोरडी गेली. गाडी उद्या सकाळपासून तांड्यावर लागेल."

त्यांनी दोन्ही भोकांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तांड्याला आमी पाणी देतोच की. गावाला मिळालं म्हंजे त्यांना मिळालंच. अजून एक पाडा. वढ्याकाठी पाडा."

"नियम दोनचा आहे."

"नेम कुणी केला?"

"मी."

हे ऐकल्यावर ते हसले. वाईट हसले नाहीत. अडचण मिटली, असं वाटून हसले. "मग तुमीच मोडा की."

तोवर आत्या जवळ आली होती. अप्पाही कट्ट्यावरून उठून आले. आत्या म्हणाली, "पाड अजून एक. दगड काय तुज्या सायबाच्या घरचा हाय?"

"आत्या, उद्या त्यांचा दिवस आहे."

"त्यांचा परवा होईल. एक दिवसानं काय मरत्यात व्हय?"

अप्पा खालच्या आवाजात कानडीत म्हणाले की घरचंच काम समज, तिनं तुझ्यासाठी काय केलं ते आठव. आठवायची गरज नव्हती. सोप्यात बसलेली, पाणी न पिता बोलणारी आत्या माझ्या डोळ्यांपुढेच होती. गाडी चालवणारा मुरुगन लांब तमिळ देशातून आलेला. त्याला कुठेही भोक पाडलं तरी सारखंच. साहेब सोलापुरात. मी नुसती मान हलवली असती तरी यंत्र ओढ्याकाठी गेलं असतं आणि कुणी मला जाब विचारला नसता.

मी विहिरीकडे बघितलं. बाभळीच्या सावलीत तांड्यावरच्या पाच-सहा बाया रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सकाळी गाडी आली तेव्हाही त्या तिथेच होत्या. गावाचं भरून व्हायची वाट बघत. त्यातली एक मला माहीत होती. चांदीबाई. आदल्या महिन्यात मी तांड्यावर गेले होते तेव्हा तिनं मला खाट टाकून दिली होती आणि पाणी विचारलं नव्हतं. विचारायला घरात नव्हतंच. आत्ता ती आमच्याकडे बघत होती. तिथून तिला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण गाव आणि गाडी यांच्यामध्ये उभं राहून आम्ही काय बोलत असू, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. ती उठून आली नाही, काही म्हणाली नाही. तिनं काही म्हणावं असं तिला कधी कुणी वाटूच दिलं नव्हतं.

"आत्या," मी म्हणाले, "मला जमणार नाही."

 धोरण, अग्रक्रम, न्याय्य वाटप, हे शब्द मी पुण्यात परीक्षेत किती सहज लिहीत असे. इथे त्यातला एकही कामाला आला नाही. जमणार नाही, एवढंच तोंडातून निघालं.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला. "बरं. मग जेवायला थांबू नको. गाडी जायची हाय न्हवं तुमची." आणि ती वळून घरात गेली. थोड्या वेळानं अप्पा एक मोठं गाठोडं घेऊन आले. होळग्या होत्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या. "उपाशी जाऊ देऊ नको म्हणाली मिस्त्रीलोकांना," ते म्हणाले. ती स्वतः बाहेर आली नाही.

अप्पांना मी जीपमधून मंद्रूपच्या स्टँडपर्यंत सोडलं.  मला वाटलं, आता ते राजीनामा दे म्हणतील. स्टँडवर उतरल्यावर पिशवी काखेत धरून ते म्हणाले, "दुकानात मी म्हणतो, सगळ्यांना एकच भाव. पण तसा देत नाही. घरचा आला की भाव बदलतोच." मग म्हणाले, "तू भाव बदलला नाहीस. चांगलं केलंस की वाईट, मला कळत नाही. अक्कावाचा राग मात्र तुझा तुलाच काढावा लागेल. त्यात मी पडणार नाही." त्यानंतर त्यांनी मला कॉलेजात शिकवायच्या नोकरीबद्दल कधी विचारलं नाही.

तांड्यावर पहिल्याच भोकाला पाणी लागलं.

आधी भुकटी काळसर झाली, मग तिचा चिखल झाला, मग गढूळ पाण्याचा झोत नळीच्या वर उसळला. बाया, माणसं, पोरं त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. चांदीबाई ओंजळ भरून घेत होती आणि तोंडावर मारत होती, पुन्हा पुन्हा, उगाचच, सांडत, वाया घालवत. आरशांचा घागरा चिखलानं भरला तरी ती थांबत नव्हती. पाणी वाया घालवण्याचं सुख मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मला रडू आलं, आणि त्याच वेळी माळापलीकडे गावाची झाडं दिसत होती, तीही दिसायची थांबत नव्हती.

गावानं तक्रार केली. इनामदार साहेबांनी बोलावून घेतलं. "तिथे तुमची आत्या राहते, हे आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं, सर?"

 "तर तुम्हाला त्रास नको म्हणून मी स्वतः गेलो असतो," ते म्हणाले. "आणि बहुतेक तिसरं पाडून आलो असतो." मग त्यांनी माझी मुदत वाढवून देणाऱ्या कागदावर सही केली.

त्या नियमात पुढे मीच भर घातली. सगळ्या गावांची एक फेरी झाली की कोरड्या गेलेल्या गावांकडे गाडी परत जाईल, आणि तेव्हा जागा बायकांना विचारूनही बघायची. ही भर घालायला मला त्या दिवसापर्यंत का सुचलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. तोवर कोरडं गेलेलं गाव माझं नव्हतं. पावसाळ्यानंतर आत्याच्या गावाला ओढ्यापलीकडे पाणी लागलं. पुढे मी त्याच कामात राहिले. बोअर, हापसे, त्यांची दुरुस्ती, गावोगावी हापसा सांभाळणारी माणसं तयार करणं, यात नोकरी संपली. बढत्या मिळाल्या, बदल्या झाल्या, केसांचा रंग गेला.

पण तो उन्हाळा गावाला तसाच काढावा लागला. वैशाखात गावच्या विहिरीनं तळ दाखवला आणि गावच्या बाया माळ तुडवत तांड्यावर जायला लागल्या. हे मला मिस्त्रींकडून कळलं. दोन पत्रं घातली, आत्याचं उत्तर आलं नाही.

मग एकदा तांड्यावरच्या हापशाचा दांडा सैल झाला म्हणून मिस्त्रींबरोबर मी गेले. दुपार कलली होती. हापशापासून लांबवर रांग होती. तांड्याच्या बाया आणि गावच्या बाया एकाच रांगेत, आल्या त्या क्रमानं. तसं कुणी ठरवलं, असं मी चांदीबाईला विचारलं. ती म्हणाली, "ठरवायचं काय त्यात? जी आदी आली ती आदी." रांगेत मधेच आत्या होती. डोक्यावर चुंबळ, पायाशी घागर, उन्हानं रापलेली. तिनं मला बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मिस्त्रींनी दांडा बसवला. पहिलं पाणी आलं तसं चांदीबाईनं तांब्या भरून माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. उन्हात इतक्या बाया ताटकळत असताना, आत्या उभी असताना, मला तो तोंडाला लावता येईना.

आत्याच्या मागे गावची एक तरणी सून उभी होती. ती पुढच्या बाईला म्हणाली, पण आवाज मला ऐकू येईल असाच होता. "हीच की ती. हिनंच आपली गाडी पळवली."

आत्या तिच्याकडे वळली नाही. समोर बघतच म्हणाली, "पळवली न्हाय. हितं आणली." आणि मग, थोड्या वेळानं, "माजी भाची हाय ती."

 रांग एकेक पाऊल सरकत राहिली. मी तांब्यातलं पाणी प्याले. आत्याची पाळी आली तेव्हा मी मिस्त्रींना बाजूला व्हायला सांगितलं आणि दांडा धरला. तिनं घागर धारेखाली सरकवली. ती माझ्याकडे बघत नव्हती, घागरीकडे बघत होती. मी हापसायला लागले. नुसतं शिकलेलं अंग. चार-सहा वेळा हापसल्यावरच दमले आणि हात मंद झाला.

"पुण्यात जेवायला घालत न्हवते काय?" आत्या म्हणाली. "जोर लाव. काठोकाठ भरू दे."